बिनहवेतला स्विच, नोंद ४ : बारा अंशांचा फरक सापडला

मंडळी, बाजारातला नेटवर्क स्विच धातूच्या प्लेटवर बसवून तो अवकाशासारख्या निर्वातात किती तापतो, हे आम्ही हवा काढलेल्या चेंबरात मोजतोय. त्यातला मागच्या नोंदीत अडकलेला आकडा सुटला. हिशोब म्हणत होता की ३ वॅटला प्लेट ६८ अंशांवर थांबेल आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) ८० च्या खाली उतरत नव्हतं. दोष स्विचमध्ये नव्हता, प्लेटमध्येही नव्हता. दोष चेंबरच्या आतल्या भिंतीत होता.

मांडणी तीच आहे: पाच पोर्टांचा बाजारातला गिगाबिट स्विच खोक्यातून काढून १० बाय १६ सेंमी प्लेटवर बसवलेला. प्लेट ३ मिमी ॲल्युमिनियमची, एक बाजू काळी ॲनोडाइज केलेली (विजेने ऑक्साइडचा थर चढवलेली), दुसऱ्या बाजूला बोर्ड आणि त्यावर चंदेरी कॅप्टॉन फिल्मची गुंडाळी. चेंबर ६ इंची स्टेनलेस पाइपचा, पंप फ्रीज-एसीवाल्यांचा दोन टप्प्यांचा, दाब ०.०३ मिलिबार. नव्यांसाठी एवढंच की ॲक्रिलिकचं झाकण २५ मिमीपेक्षा पातळ घेऊ नका. एवढ्या छोट्या तोंडावरही हवेचा भार पावणेदोनशे किलोंच्या वर जातो.

चिपचा प्रश्न आधीच मिटला होता, पण त्याबद्दल विचारणा येत राहतात म्हणून पुन्हा. चिपच्या डोक्यावर चिकटवलेला धातूच्या पंखांचा हीटसिंक निर्वातात निरुपयोगी आहे. वाहून नेणारी हवा नाही, पंख एकमेकांकडेच तोंड करून बसलेले, आणि वरचं प्लास्टिक उष्णता नीट बाहेर जाऊच देत नाही. खरी वाट चिपच्या पोटाखालच्या धातूच्या पॅडमधून, व्हायांतून (बोर्डमधल्या धातूचा मुलामा दिलेल्या छिद्रांतून) बोर्डच्या मागच्या बाजूला जाते. तिथला हिरवा मास्क, म्हणजे वरचा लेप, खरवडून काढा (आधी बघा, एखादा तांब्याचा ट्रॅक तर जात नाही ना), १२ बाय १२ मिमी तांब्याचा ठोकळा ठेवा आणि तो प्लेटला स्क्रूने दाबा. मधे स्वस्त सिलिकॉन पॅड नको. निर्वातात त्यातलं तेल सुटतं आणि ॲक्रिलिकवर पातळ थर बसतो. त्याऐवजी ग्राफाइटचा पत्रा घ्या. पॅड ग्राउंडला असतो, त्यामुळे तांबं चालतं, मात्र ग्राउंड आणि चासिस जोडण्याची ती एकच जागा ठेवा. एवढं केल्यावर चिप प्लेटपेक्षा साधारण १८ अंशांनी वर राहते आणि ते चालण्यासारखं आहे.

आता मूळ दुखणं. संशय तीन होते: तांब्याचा सांधा नीट बसलेला नाही, ॲनोडायझिंग कमी पडतंय, किंवा थर्मोकपल खोटं बोलतंय. सांधा वेगळा काढून तपासायची युक्ती सोपी आहे. बोर्ड पूर्ण काढा आणि प्लेटवर ८.२ ओहमचा ॲल्युमिनियम खोळीचा रेझिस्टर थेट स्क्रूने बसवा. ५ व्होल्ट दिले की ३.०५ वॅट. तरीही प्लेट ८० वरच. म्हणजे सांधा संशयातून सुटला. थर्मोकपल उकळत्या पाण्यात तपासलं (संभाजीनगरच्या उंचीला पाणी ९८ च्या आसपास उकळतं, १०० धरू नका), तेही बरोबर. ॲनोडायझिंग वाळूजमध्ये करून घेतलेलं, थर जाड आहे. अवरक्तात रंगापेक्षा ऑक्साइडच्या थराची जाडी मोलाची.

उरली भिंत. आमच्या हिशोबात प्लेटची उत्सर्जकता (किरणांनी उष्णता सोडण्याची आणि शोषण्याची क्षमता, ० ते १) ०.९ होती आणि भिंतीची गृहीत १, म्हणजे जे गेलं ते गेलं. अवकाशात तसंच असतं. पण चकचकीत स्टेनलेसची उत्सर्जकता ०.१ च्या आसपास. प्लेटने सोडलेली उष्णता भिंतीवर आदळून बरीचशी परत प्लेटवरच येते. मोठ्या चेंबरात हे जाणवत नाही. इथे आतलं क्षेत्रफळ प्लेटच्या जेमतेम बारापट आहे. समीकरणात १/०.९ मध्ये ०.०८४ (प्लेट आणि भिंतीच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर) गुणिले (१/०.१ वजा १) मिळवा: १.११ चे १.८७ होतात, परिणामी उत्सर्जकता ०.९ वरून ०.५३ वर घसरते. भिंत ४२ अंशांवर धरून प्लेट येते ८३. काट्यावर ८०. तीन अंश कुठे गेले तेही कळतं: ०.०३ मिलिबारला अभिसरण मेलं तरी विरळ हवेतून वहन चालूच राहतं, सुमारे ०.३ वॅट तेवढ्यात निघून जातात. खऱ्या निर्वातात ही सवलत मिळणार नाही, म्हणून इथल्या प्रत्येक निकालावर १० टक्के कडकपणा लावा.

उपाय: ०.५ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं अस्तर, दोन्ही बाजूंनी ॲनोडाइज, गोल वळवून आत सरकवलं की स्वतःच्या ताणाने भिंतीला घट्ट बसतं. स्प्रेचा काळा रंग वापरू नका. नीट भाजला नाही तर दिवसभर वायू सोडतो आणि मायक्रॉन गेज (निर्वात मोजणारं यंत्र) खाली हलतच नाही. अस्तर टाकल्यावर प्लेट ६६. तो आकडा स्थिर झालेला बघणं हे या महिन्याचं खरं समाधान!

दुसरी गंमत आपल्या मराठवाड्याची. मे महिन्यात भिंत ४२ वर, जानेवारीत २७ वर, म्हणजे तोच स्विच एका ऋतूत पास आणि दुसऱ्यात नापास. चेंबरभोवती ओलं गोणपाट गुंडाळून समोर टेबल फॅन लावला की कोरड्या हवेत भिंत २९ पर्यंत उतरते आणि प्लेट ५५. पावसाळ्यात हे चालणार नाही, पण उन्हाळ्यात चिलर विकत घ्यायची गरज उरत नाही. पाणी तासाला लिटरभरही लागत नाही.

इथे लिहिता लिहिताच पुढचा बेत बदलतोय. काळी बाजू सूर्याकडे वळली तर काय? १६० चौ. सेंमीवर १३६१ वॅट प्रति चौ. मीटर म्हणजे जवळजवळ २२ वॅट पडतात आणि काळा थर त्यातले बहुतेक शोषतो. स्विचचे ३ वॅट त्यापुढे काहीच नाहीत. पांढऱ्या थर्मल पेंटची अवरक्तातली उत्सर्जकता काळ्याइतकीच असते, सूर्यप्रकाश मात्र तो पाचवा हिस्साच घेतो. तेव्हा पुढची प्लेट पांढरी.

आणि गिगाबिटचा हट्टही सोडायचा. १०० एमबीपीएसला हाच बोर्ड १.२५ वॅटवर येतो, तारा अर्ध्या होतात, ४२ च्या भिंतीलाही प्लेट ५४ च्या आत राहते. पेलोडच्या (वर पाठवायच्या सामानातल्या) कॅमेऱ्याला तेवढा वेग पुरतो. पण सापळा लक्षात ठेवा: केबलमधल्या तारांच्या चारपैकी नुसत्या दोन जोड्या जोडल्या तर लिंक उभीच राहत नाही, सतत लुकलुकते. वेग ठरवायच्या वाटाघाटी दोन जोड्यांवर होतात, दोन्ही बाजू गिगाबिट ठरवतात आणि मग उरलेल्या जोड्या सापडत नाहीत. एका बाजूला ईथटूलने (लिनक्सची नेटवर्क कमांड) 'मला गिगाबिट जमतं' ही जाहिरात बंद केली की पुरे.

बाकीची कामं थोडक्यात. आरजे४५ सॉकेट काढून तारा थेट टाकल्या. त्याआधी मॅग्नेटिक्स (सिग्नलचे छोटे ट्रान्सफॉर्मर) सॉकेटच्या पोटात आहेत की बोर्डवर वेगळे, ते बघून घ्या. ओले (आत द्रव असलेले) कपॅसिटर बदलताना सगळे सिरॅमिक टाकू नका, रेग्युलेटर डोलायला लागतो. एक टॅंटलम ठेवा, व्होल्टेज दुप्पट घेऊन. सोल्डर ६३/३७ शिसेवालंच, शुद्ध कथलाला मिशा (शॉर्ट करणारे बारीक धातूचे केस) फुटतात. पैठण गेटच्या बाजारात शिसेवालं मागितलं तरी रिळावरचा मजकूर वाचूनच घ्या. २००३ मध्ये यूके-डीएमसी उपग्रहासोबत गेलेल्या सिस्कोच्या राउटरवरही नेमके असेच बदल होते: सॉकेट काढली, ओले कपॅसिटर गेले, घड्याळाची बॅटरी गेली, सोल्डर शिसेवालं आणि प्रोसेसरपासून चासिसपर्यंत धातूची वाट.

फीडथ्रूसाठी (तारा चेंबरच्या आत नेण्याच्या जागेसाठी) एकसंध तारेची कॅट६ वापरा. गुंफलेल्या तारेच्या धाग्यांमधून हवा आत सरकते. इपॉक्सीच्या आतला ३ सेंमी भाग उघडा सोला, नाहीतर आवरण आणि तांब्याच्या मधून गळती राहते.

आता थंडीची चाचणी. आपल्या डोक्यावर १६-१७ किमी उंचीला उणे ८० च्या आसपास असतं आणि कोरडा बर्फ उणे ७८ देतो, त्यामुळे बाहेरून तोच रचणार. पहिला संशय स्विचला ठेका देणाऱ्या २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर आहे. इथरनेटला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १००) फरक चालतो, व्यापारी क्रिस्टल उणे २० च्या खाली किती सरकेल ते मोजावं लागेल. कोणाकडे उणे ४० पर्यंतचा टीसीएक्सओ (तापमानाचा फरक स्वतः भरून काढणारा ऑसिलेटर) बोर्डवरच्या त्याच जागेत बसणारा असेल तर कळवा. लॅच-अपसाठी (किरणोत्साराच्या कणाने चिप आतून शॉर्ट होऊन अडकणं) करंट लिमिटर त्यानंतर. त्यात सुरुवातीच्या झटक्याला किती मिलिसेकंद सूट द्यायची तेवढं ठरायचं आहे.