आईसाठी मेडिकेअर घेणारा डॉक्टर शोधताना

आईने पासष्टी ओलांडली होती आणि ग्रीन कार्डावर अमेरिकेत सलग पाच वर्षंही झाली होती, म्हणून तिला मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, घेता आलं. इथे नोकरी ना तिने केली ना बाबांनी. त्यामुळे दहा वर्षं काम केलेल्यांना ज्याचा हप्ता पडत नाही, तो पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) आम्हाला विकत घ्यावा लागला. २०२५ मध्ये त्याचे महिन्याला ५१८ डॉलर, शिवाय पार्ट बीचे (डॉक्टरांच्या भेटींचा विमा) १८५. भावाने आणि मी निम्मेनिम्मे वाटून घेतले. कार्ड घरी आलं, पण डॉक्टर मिळवणं हे वेगळंच काम निघालं.

आम्हाला हवे होते इंटरनल मेडिसिनचे डॉक्टर, म्हणजे आपल्याकडचे एमडी मेडिसिन. आईला मधुमेह, बीपी आणि थायरॉइड. सगळ्या गोळ्यांचा हिशोब एकाच माणसाकडे असलेला बरा.

मेडिकेअरच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकला की जवळपासच्या डॉक्टरांची यादी येते. यादी भरगच्च. फोन करायला लागल्यावर तिचा खरा अर्थ कळतो: कुणी निवृत्त झालेलं, कुणी दुसऱ्या गावी गेलेलं, कुणी फक्त जुनेच पेशंट बघणारं. एका ठिकाणी "हो, मेडिकेअर घेतो" असं सांगून पुढे वार्षिक सभासद फी सांगितली. ती मेडिकेअर देत नाही, आपल्या खिशातून जाते. मी आभार मानून फोन ठेवला.

हळूहळू माझे प्रश्न ठरून गेले. मेडिकेअर घेता का, एवढं विचारून भागत नाही. हेच डॉक्टर, याच पत्त्यावर, मेडिकेअरचे नवीन पेशंट घेतात का? आणि मेडिकेअरने ठरवलेली रक्कम पूर्ण फी म्हणून मान्य करतात का, ज्याला इथे 'असाइनमेंट' म्हणतात? मान्य करत असतील तर वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर), भरून झाल्यावर आपल्याकडे साधारण वीस टक्के येतात. काही डॉक्टर मेडिकेअरमध्ये असूनही असाइनमेंट घेत नाहीत. ते १५ टक्क्यांपर्यंत जास्त लावू शकतात. आणि जे मेडिकेअरमधून पूर्ण बाहेर पडलेत, त्यांची फी सगळी आपलीच.

मधल्या काळात एका एजंटाने मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खाजगी विमा कंपन्यांमार्फतचं मेडिकेअर, घ्यायचा बराच आग्रह केला. त्यात दाताचं, चष्म्याचं काही मिळतं, पण बहुतेक वेळा डॉक्टर त्यांच्या नेटवर्कमधलेच बघावे लागतात. इथे मुळात डॉक्टर सापडत नव्हता, त्यात आणखी कुंपण कशाला? आम्ही मूळ मेडिकेअरवरच राहिलो. या निर्णयासाठी राज्याच्या 'शिप' या मोफत सल्लाकेंद्राचा फार उपयोग झाला. तिथली माणसं काही विकत नाहीत, म्हणून शांतपणे ऐकून घेतात.

शेवटी काम झालं ते एका रिसेप्शनिस्टमुळे. मोठ्या डॉक्टरांकडे जागा नाही म्हणाली, तेव्हा मी सहज विचारलं, "तुमच्याकडे नुकतंच कुणी रुजू झालंय का?" झालं होतं! रेसिडेन्सी (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) संपवून आलेली एक डॉक्टर, तिचे पेशंट अजून जमायचे होते. त्याच महिन्यातली वेळ मिळाली. हा प्रश्न मी आता सगळ्यांना सांगते.

वेळ घेताना एक गोष्ट स्पष्ट केली. पार्ट बी सुरू झाल्यावर पहिल्या बारा महिन्यांत 'वेलकम टू मेडिकेअर' नावाची एक भेट मोफत असते, पण ती संपूर्ण तपासणी नव्हे. आईचे जुने आजार बघायचे होते, म्हणून साधी नव्या पेशंटची भेट मागितली. भारतातले रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत नेली. तिथली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत, आतल्या औषधाचं नाव लागतं.

डॉक्टर खोलीत आल्या तशी आई माझ्या कानाशी पुटपुटली, "अगं, ही तर तुझ्यापेक्षा लहान आहे!" पण त्या मुलीने पाय तपासले, बोटांना संवेदना आहे का पाहिलं, सकाळची गोळी चहाआधी घेता की नंतर हेही विचारलं. बाहेर आल्यावर आईने वयाचा विषय काढला नाही.

पुढे मेडिकेअरचं रकमांनी भरलेलं पत्र आलं आणि आई लगेच चेकबुक शोधायला लागली. त्यावर ठळक लिहिलेलं असतं की हे बिल नाही. क्लिनिकचं बिल नंतर आलं. दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवले, मगच चेक लिहिला.