गो, नो-गो आणि आमची धाकटी

आमच्या बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. डावीकडे थोरल्याच्या, उजवीकडे धाकटीच्या. परवा रविवारी सकाळी धाकटी भरली 104.5 सेंटिमीटर आणि रात्री जेवणं झाल्यावर 103.8. बायको म्हणाली, "अहो, पोरगी काय दिवसभरात आटली?" आटली नाही, दबली. दिवसभर उभं राहून, नाचून मणक्यांमधल्या चकत्या थोड्या दबतात आणि झोपेत परत फुगतात. मोठा माणूसही सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटिमीटरभर बुटका असतो. हे मला ऐकून माहीत होतं, घरच्या घरी मोजून बघायची वेळ मेव्हण्यामुळे आली.

त्याचं म्हणणं, दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून खोपोलीला इमॅजिका पार्कात जायचं. "दाजी, गाडी माझी, तिकिटं तुमची." त्याला तिथल्या नायट्रो रोलर कोस्टरमध्ये बसायचंय, लग्न व्हायच्या आधीपासून. आम्हाला प्रश्न दोन पोरांचा. थोरला साडेसातचा, धाकटी सव्वाचारची. राइडला उंचीची अट असते हे कळल्यावर मेव्हण्याने लगेच तोडगा काढला: "जाड सोलचे बूट घाला तिला. दोन-तीन सेंटिमीटरने कोण अडवतंय?"

आता हे त्याने चुकीच्या माणसाला सांगितलं. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे, सतरा वर्षं झाली. आमच्याकडे भोकाचं माप बघायला प्लग गेज असतो. एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो बाजू सहज आत गेली पाहिजे आणि नो-गो जाता कामा नये. नवीन आलेलं पोरगं हमखास गेजवर जोर लावतं. लॉट जावा म्हणून ढकलून ढकलून बसवतं. पहिल्याच आठवड्यात त्याला शिव्या बसतात. गेटवरची ती उंचीची पट्टी म्हणजे आमचा गेजच आहे. टाचा उचलून किंवा बूट घालून पोर पट्टीत बसवणं म्हणजे जोर लावणं.

आणि ती पट्टी उगाच कोणाच्या मनात आलं म्हणून लावलेली नसते. मांडीवर जो दांडा येतो, तो कुठे येऊन थांबतो यावर सगळं आहे. पोर बुटकं असेल तर दांडा मांडीला टेकतच नाही, पाय खाली पोचत नाहीत, पाठ मागे टेकत नाही. मग गाडी उसळली की ते खालून सरकणार. त्यात दोघांमध्ये एकच दांडा असेल तर अजून गंमत. तो थांबतो जाडजूड माणसाच्या मांडीवर. माझ्या शेजारी धाकटी बसली तर माझ्या मांडीला घट्ट आणि तिच्या मांडीवर चांगली वीतभर पोकळी. "मी आहे ना, धरतो तिला" असं आपण म्हणतो, पण चाकं वळतात तेव्हा आपण स्वतःलाच धरून बसलेलो असतो. ज्या पाळण्यात दांडा एकच, तिथे मी धाकटीला नेत नाही, पट्टीत बसली तरी.

एवढं सगळं कळत असून मागच्या मे महिन्यात मी माती खाल्लीच. एका पार्कात (नाव कशाला, चूक माझीच) छोटी आगगाडी होती. वेग आमच्या गल्लीतल्या घंटागाडीएवढा. चढ नाही, उतार नाही, उंचीत धाकटी आरामात बसत होती. मी म्हटलं ही तर तिच्यासाठीच. गाडी बोगद्यात शिरली, दिवे गेले आणि डाव्या बाजूने एक रबरी राक्षस फस्स करून पुढे आला. धाकटी रडली नाही. त्याचंच मला जास्त वाटलं. तिने माझ्या शर्टाचं दुसरं बटण मुठीत धरलं आणि बाहेर उजेडात आल्यावरही सोडलं नाही. बटण तुटून तिच्या हातात राहिलं. पुढे महिनाभर बाथरूमचा दिवा चालू ठेवून, दार उघडं ठेवून, आजीला बाहेर उभं करून तिचे कार्यक्रम.

चार वर्षांच्या पोराला "अगं ते खोटं आहे" सांगून उपयोग नसतो. खोटं म्हणजे काय ते अजून ठरायचंय त्याचं. वेगाला ती घाबरत नाही, माझ्या मागे स्कूटरवर "पप्पा, जोरात" म्हणून ओरडते. तिला अंधार आणि अचानक येणारा आवाज चालत नाही. थोरल्याचं उलटं. राक्षसाला तो "मोटर कुठे बसवलीय" विचारतो, पण गोल फिरवलं की संपला. कसारा घाटात तिसऱ्या वळणाला प्लॅस्टिकची पिशवी मागतो. मी तर आता सरळ नियमच केलाय: ज्याला कसाऱ्यात मळमळतं त्याला गोल फिरणाऱ्या कपबशीत बसवायचं नाही, मग तो कितीही उंच असो. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. सहा ते बारा या वयात सगळ्यात जास्त होतो. म्हणजे घरातलं "मोठं" पोर कपबशीत आधी आडवं होतं आणि आपण काळजी करत असतो लहान्याची.

म्हणून यंदा नवरात्रात रंगीत तालीम केली. जुन्या आग्रा रोडवर कालिका देवीची यात्रा भरते, पाळणे येतात. आधी देवीचं दर्शन, मग पाळणे. खाणं शेवटी, हे बायकोने दमात सांगितलेलं, कारण मागच्या वर्षी भेळेनंतर टोराटोरा (गरगर फिरवणारा पाळणा) झालं होतं आणि ते टोराटोराच्या पोराला पाणी मारून धुवावं लागलं होतं.

माझी पद्धत अशी की तिकीट काढायच्या आधी तीन फेऱ्या नुसत्या उभ्याने बघायच्या. पाळण्याकडे नाही, उतरणाऱ्या पोरांच्या तोंडाकडे. आणि त्या वेळी धाकटीला कडेवर घ्यायचं. तिची बोटं माझ्या मानेत रुतायला लागली की कळतं. आकाशपाळण्यापाशी ती रुतली नाहीत, पण मला पाळणा थांबतो ते खटकलं. फिरताना काही नसतं. खालचे लोक उतरतात-चढतात तेव्हा वरचा डबा तसाच लटकत राहतो, हलतो आणि पोरं नेमकी तेव्हाच उभी राहतात. समोर फक्त एक साखळी. तिथे नाही म्हटलं. धाकटीने भोकाड पसरलं, पसरू दे.

कोलंबसला, म्हणजे झोक्यासारख्या हलणाऱ्या मोठ्या नावेला, हो म्हटलं, पण मधल्या बाकावर. टोकाचा बाक सगळ्यात वर जातो, मधला आपल्या झोक्याएवढाच हलतो. पहिल्या बाकासाठी पोरांची मारामारी चाललेली, मधला रिकामाच होता. मेरी-गो-राउंडला ती बाहेरच्या घोड्यासाठी हटून बसली. तो एका फेरीत जास्त अंतर कापतो म्हणून जास्त पळतो. मी आतला घोडा दिला, शेजारी उभा राहिलो आणि तिसऱ्या फेरीनंतर बाहेरचा. ज्या गोल पाळण्यात दोघं शेजारी बसतात तिथे मोठ्याने बाहेरच्या कडेला बसायचं, कारण फिरताना आतला माणूस बाहेर सरकतो. मी एकदा उलटं बसलो होतो. थोरला पापडासारखा चेपला होता.

जाता जाता, घसरगुंडीबद्दल. बागेत आईबाप लहान्याला मांडीवर घेऊन घसरतात. प्रेमाने करतात आणि त्यातच नडगी मोडते. पोराचा बूट कडेला अडकतो आणि मागून आपलं सगळं वजन येतं. एकटं पोर अडकलं तर थांबतं, आपण थांबत नाही. हे मला कारखान्यातल्या एकाने सांगितलं, त्याच्या पुतण्याचं प्लॅस्टर बघून आलो होतो मी. तेव्हापासून मी खाली उभा असतो.

तर इमॅजिकाचं असं ठरलंय. तिथल्या बहुतेक राइडचे आत बसून काढलेले व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. रोज जेवणानंतर एकेक बघतो, आवाज पूर्ण सोडून. धाकटीने कानांवर हात ठेवले की ती राइड बाद. उडणाऱ्या हत्तींची टबी पास झाली, कॅरोसेल पास. राजासॉरसची, म्हणजे डायनासोरवाली, नाव थोरल्याकडून पास, धाकटीकडून एका सेकंदात बाद. ती नाव चालू असताना आई तिला घेऊन बाहेर थांबेल, मग आम्ही पाळी बदलू. आजीने आधीच सांगून टाकलंय, "मी कशात बसायची नाही, मी पिशव्या सांभाळीन." मेव्हणा नायट्रोत एकटा जाईल.

बुटांचा विषय मात्र अजून मिटला नव्हता. काल मेव्हणा खरंच जाड तळव्यांची सँडल घेऊन आला, गुलाबी, दिवे लागणारी. धाकटी ती घालून चौकटीला जाऊन उभी. मी म्हटलं, "काढ." तिने काढली, टाचा उचलल्या, बायकोने खांद्यावर दाबून खाली टेकवल्या. मी डोक्यावर गुण्या (काटकोन बघायची पट्टी) ठेवला आणि रेघ मारली. तीच जुनी, केसभरही वर नाही. मग तिने बाहुली आणून चौकटीला टेकवली. "हिचं पण."

मोजलं. एकतीस सेंटिमीटर.

"हिला कशात बसता येईल?"

"कशातच नाही."

ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली, मग बाहुलीला घेऊन आजीच्या खोलीत गेली. "आजी, ही पण तुझ्यासोबत पिशव्या सांभाळणार आहे."