अर्धी गोळी

मार्च महिना, हळदीचा हंगाम भरात. संध्याकाळी साडेसहाला एक मावशी बाजारच्या पिशवीतून बोका घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सांगलीच्या मार्केट यार्डातून, हळद निवडायच्या कामावरून थेट आलेल्या. हात मनगटापर्यंत पिवळे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा हे पिल्लू त्यांना पत्र्यावर सापडलं होतं. नाव सोन्या.

सोन्या तोंड उघडून श्वास घेत होता. मांजर असं धापा टाकायला लागलं की हातातलं सगळं सोडून उठायचं. तोंड सुजलेलं, पंजे फुगलेले. मावशींनी त्याचा ओठ वर केला. त्या पिवळ्या बोटांखाली हिरड्या गुलाबी दिसायला हव्यात, त्या मातकट तपकिरी होत्या.

“काही दिलंय का याला?”

“काय न्हाई ओ.”

ऑक्सिजन लावला, रक्त काढलं. नळीत आलं ते चॉकलेटी. पुन्हा विचारलं, आवाज खाली आणून. “मावशी, मी रागावणार नाही. तापाची गोळी दिली?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “सकाळी अर्धीच दिलीया. अंग तापलं हुतं त्याचं.”

अर्धी म्हणजे अडीचशे मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. चार किलोच्या मांजराचा जीव जायला तेवढी पुरते. आपलं यकृत हे औषध ज्या वाटेनं बाहेर काढतं, ती वाट मांजराला जवळजवळ नाहीच. मग त्याचं विष होतं, हिमोग्लोबिन बिघडतं, आणि अंगात रक्त असून ते प्राणवायू वाहू शकत नाही.

यावर उतारा आहे. अ‍ॅसिटिलसिस्टीन, माणसांचा कफ पातळ करायला देतात तेच. मेडिकलमधून मागवलं. फोडलं की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. पहिला डोस शिरेतून, पुढचे दर सहा तासांनी, दोन दिवस. हे औषध फार महाग नाही. महाग पडते ती रात्र: ऑक्सिजन, सलाईन, परत परत रक्त तपासणं, जागणारं माणूस.

“किती हुतील?” मावशींनी कनवटीची गाठ सोडली. सहाशे रुपये होते.

“साडेतीन हजारांपर्यंत. हप्त्यानं द्या.”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “परवा तुमच्याकडं फोन केलता. पोरगं म्हणालं, तपासणी तीनशे, बाकीचं येगळं. येगळं म्हंजी किती, तर म्हणालं डॉक्टर बघून सांगतील. म्हटलं, शनवारी पगार झाला की येऊ.”

ते उत्तर त्या पोराला मीच शिकवलेलं. तपासताना शेपटीच्या बुडाशी चावल्याची जखम सापडली होती, आत पू धरलेला. बोक्यांच्या भांडणातलं नेहमीचं दुखणं, ताप त्याचाच. परवा आल्या असत्या तर सहाशेत भागलं असतं. त्यांच्याकडे पैसे होते. माझ्या न सांगितलेल्या आकड्याला त्या घाबरल्या.

पहाटेपर्यंत हिरड्यांवर गुलाबी छटा आली. तिसऱ्या दिवशी सोन्या घरी गेला. त्याच दिवशी फोनशेजारी कागद चिकटवला: आधी विचारायचं काय होतंय आणि घरचं काय दिलंय, मग कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती लागतील ते सांगायचं.

मावशी दर शनिवारी पैसे देत गेल्या. शेवटच्या हप्त्याला शेजारची मुलगी सोबत होती, तिला मांजर पाळायचं होतं. “पिल्लू फुकट मिळतंय म्हणती. हिला समदं लिहून द्या, आकड्यासकट.”

मी कागद ओढला. आठव्या आठवड्यापासून लशी, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. जंताचं औषध. सहा महिन्यांच्या आत नसबंदी. प्रत्येकापुढे रुपये लिहिले. मावशींनी तळाच्या कोऱ्या जागेवर पिवळं बोट टेकवलं.

“आन हितं लिवा, तापाची गोळी द्यायची न्हाई. मोठ्या अक्षरात लिवा.”