हिरवी मखमली पिशवी

डिचोली तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या छपरासाठी मी आणि दुसऱ्या बाई रविवारी वर्गणी मागत फिरायचो. कुणी पन्नासाची नोट द्यायचं, कुणी दोन नारळ. एका घरी ऐकावं लागलं, "बायकांनी दारोदार फिरणं शोभतं का?" तो शब्द कितीतरी दिवस सलत होता.

नंतर मेरी लायनबद्दल वाचलं आणि हसूच आलं. १८३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये ही बाई हिरवी मखमली पिशवी घेऊन मुलींच्या शिक्षणसंस्थेसाठी पैसे गोळा करत गावोगाव फिरत होती, आणि तिलाही हेच ऐकवलं जात होतं! तिथल्याच इप्सविच गावच्या बायकांनी जवळजवळ १००० डॉलर जमवून दिले. १८३७ च्या नोव्हेंबरात साउथ हॅडली इथं तिची माउंट होल्योक ही संस्था सुरू झाली, ८० मुलींनिशी.

वर्षाची फी, राहण्या-जेवणासकट, ६० डॉलर. ती परवडावी म्हणून स्वयंपाक, धुणं, झाडलोट मुलीच करत. आमची आई म्हणाली असती, "भांडीच घासायची तर घरी काय कमी होती?" मलाही हे थोडं खटकतं. पण त्याच मुली लॅटिन शिकत होत्या, आणि रसायनशास्त्र शिकवायला खुद्द मेरीबाई उभ्या राहत.

मेरीचे वडील ती पाच वर्षांची असतानाच गेलेले. सतराव्या वर्षी शिक्षिका झाली, पगार आठवड्याला ७५ सेंट.

आमचं छप्पर पावसाच्या आदल्या आठवड्यात झालं. नारळ विकूनच कौलांचे थोडे पैसे निघाले. आमच्याकडे मखमल नव्हती, बाजाराची कापडी पिशवी होती.