रॉकेट आणि कान

"मामा, एक कानच तर शिवायचाय. रॉकेट सायन्स नाही काय ते!"

संध्याकाळी कोल्हापूरच्या चप्पल लाइनला, चपलांच्या बाजारात, भाच्याची घाई चालली होती. पायताणाचा कान, म्हणजे बाजूची चामड्याची पट्टी, उसवलेला. म्हाताऱ्या कारागिरानं मान वर न करता आरीनं भोक पाडलं, चामड्याची वादी ओवली, दोन्हीकडनं कचकन ताणली. मग म्हणाला, "रॉकेटला खिळा चालत असंल बाबा. हितं एक बी चालत न्हाई."

भाचा गप्प. मी पण. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो हे ऐकून होतो, पण पायाकडं वाकून बघतंय कोण?

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. आमच्याकडं सोपं काम म्हणजे डाव्या हातचा मळ, अवघड म्हणजे लोखंडाचे चणे, त्याच्याही वर शिवधनुष्य. भाच्याकडं मापं दोनच: 'पीस ऑफ केक', नाहीतर 'रॉकेट सायन्स'. मधलं सगळं रिकामं. आणि केक तरी कुठं सोपा ओ? गेल्या वाढदिवसाला आमच्या घरचा मधोमध बसला, शेवटी चमच्यानं खाल्ला.

तुमच्यात ह्या कानाएवढ्या अवघड कामाला काय म्हणतात?