जाऊ का, म्हणून विचारणाऱ्या बेळगावच्या पोरांसाठी

जर्मनीला यायचं की नाही, असं मला बेळगावहून बरेच जण विचारतात. बोलणं सुरू झालं की दोन मिनिटांत गाडी पगारावर येते. पगाराचं सांगतेच, खरं आधी दुसरं सांगायचं आहे.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर होते, वाळूचे साचे करायचे. मी बेळगावातच मेकॅनिकल शिकले आणि आता श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात कास्टिंगची, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या भागांची, गुणवत्ता तपासण्याचं काम करते. म्हणजे घरातलाच धंदा, फक्त देश बदलला. त्यामुळे उद्यमबागमध्ये मशीनवर उभ्या असलेल्या पोरानं विचारलं की मला वरवरचं उत्तर देववत नाही.

माझा भाचा खानापूर तालुक्यातला. डिप्लोमा झालाय, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करतो, हात चांगला आहे. तो परवा फोनवर म्हणाला, "मावशी, हितं काय ठेवलंय सांग. सरकारी नोकरी म्हटली की कन्नड मागत्यात, पुण्यात गेलं की बेळगाववाला म्हणत्यात. त्यापेक्षा तिकडंच येतो की."

हे वाक्य मी सीमाभागातल्या कितीतरी घरांत ऐकलंय, आणि त्यात खोटं काही नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि आमची गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या घरात आजोबा १ नोव्हेंबरला त्याच्या निषेधाच्या, काळ्या दिवसाच्या फेरीत जायचे, मग वडील जाऊ लागले. इथं माझ्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातही १ नोव्हेंबरला सुट्टी असते. सर्व संतांचा दिवस म्हणून लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. मी त्या दिवशी घरी फोन करते आणि वडील फेरीचं सगळं सांगतात, कोण आलं, कोण आलं नाही.

म्हणून मी भाच्याला रागावले नाही. पण एवढं स्पष्ट सांगितलं, की कन्नडच्या रागापोटी येणार असशील तर येऊ नकोस. आपल्या हक्काची मागणी न्याय्य आहे आणि ती करतच राहायची. पण समोरच्या कागदाची भाषा न येणं ही वेगळी अडचण आहे, आणि ती तिकडं एक पट असेल तर इथं दहा पट आहे. तिकडं तालुका कचेरीत कन्नड वाचता आलं नाही तर शेजारचा कुणीतरी "द्या हिकडं" म्हणून वाचून देतो. इथं टॅक्स ऑफिसचं पत्र, घराचा करार, विम्याची नोटीस, मशीनवरची सुरक्षेची पाटी, सगळं जर्मनमध्ये. वाचून देणारा शेजारी नाही. मोठ्या शहरांतल्या आयटी कंपन्यांत इंग्रजीवर निभावतं. कारखान्यात निभावत नाही.

आमच्या शॉपवरचं एक उदाहरण सांगते. एका पंपाच्या बॉडीत सारखे ब्लोहोल, म्हणजे धातूत वायू अडकून पडणारी भोकं, येत होते. आमचा माइस्टर, म्हणजे शॉपचा मुख्य कारागीर, पक्का श्वाबेन, म्हणजे इथल्याच भागातला माणूस. क्लासमध्ये शिकवतात त्या जर्मनशी त्याच्या बोलण्याचं फारसं नातं नाही. त्याचं म्हणणं होतं की धातूच्या तापमानाची भानगड आहे. मी कास्टिंग हातात घेतलं, भोकांची जागा आणि आतला गुळगुळीतपणा बघितला, आणि मला साच्याच्या वाळूच्या ओलीचा संशय आला. वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं: वाळू मुठीत आवळायची, गोळा मधोमध मोडायचा. कडा धारदार राहिल्या तर ओल बरोबर, गोळा भुसभुशीत सुटला तर कोरडी, हाताला चिकटली तर जास्त. मी त्याच्यासमोर तेच केलं. वाळू तळव्याला लागली. माइस्टरनं माझ्या हाताकडं बघितलं आणि विचारलं, हे कुठं शिकलीस? इथपर्यंत भाषा लागली नाही. पण त्यानंतर पाऊण तास मिक्सरमध्ये पाणी कधी पडतं, रात्रपाळीत कोण असतं, लॅबचा नमुना कुठल्या वेळचा घेतात, हे सगळं समजून घेऊन माझं म्हणणं त्याच्या गळी उतरवायचं होतं. तो पाऊण तास माझ्या बी-२ च्या परीक्षेनं दिला (जर्मनच्या पायऱ्या ए-१ पासून सुरू होतात, मग ए-२, बी-१, बी-२). ओल तीन-साडेतीन टक्क्यांवर आणली आणि भोकं थांबली.

हात आपल्याकडचे कमी नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. बेळगावच्या फाउंड्रीतनं तयार झालेला माणूस इथं कुठंही उभा राहील. खरं तोंड उघडता आलं पाहिजे.

कायद्यातही भाषेचा फायदा होतो, तो शेवटी सांगते. मार्च २०२४ पासून एक रस्ता असा आहे, की तुमच्याकडं भारतात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण असेल, गेल्या पाच वर्षांत त्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव असेल आणि ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पगाराची नोकरी हातात असेल, तर शिक्षण जर्मनीकडून आधी समकक्ष ठरवून घ्यावं लागत नाही. ती रक्कम २०२५ साली वर्षाला ४३,४७० युरो होती. डिप्लोमावाल्यांनी हा रस्ता नीट वाचावा. पदवीवाल्यांसाठी ब्ल्यू कार्ड नावाचा राहण्या-कामाचा परवाना आहे. त्याची पगाराची अट २०२५ साली ४८,३०० युरो होती, आणि ज्या कामांत माणसं कमी आहेत तिथं त्याहून कमी, ४३,७६० च्या आसपास. हे आकडे दर जानेवारीत वर सरकतात. नोकरी हातात नसताना येऊन शोधायची असेल तर १ जून २०२४ पासून संधी कार्ड म्हणजे 'शान्सनकार्ट' निघालंय. गुणांवर मिळतं, एक वर्षाचं असतं, आठवड्याला वीस तास काम करता येतं. पण वर्षभर जगायचे पैसे आधी दाखवावे लागतात, २०२५ च्या हिशेबानं महिन्याला १,०९१ युरो. ब्ल्यू कार्डवाल्याला कायमचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-१ जर्मन असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिने भाषेनंच वाचवले.

शिकायला येणाऱ्यांसाठी दोन शब्द. सरकारी विद्यापीठांत फी नसते असं एजंट सांगतात. ते बहुतेक राज्यांत खरं आहे, पण माझ्याच राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय बंद खात्यात, ज्यातनं दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते, २०२५ च्या हिशेबानं वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, म्हणजे १२ लाखांच्या आसपास. कर्ज काढायचं तर तारण लागतं आणि शेतजमीन बऱ्याच बँका तारण म्हणून घेत नाहीत. मग राहतं घर गहाण टाकायची वेळ येते. घरात दुसरा कमावता माणूस नसेल तर माझ्या मते हे करू नये.

सीमाभागातल्यांचा एक खास त्रास आहे, तो कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. आपला पत्ता कर्नाटकातला, त्यामुळे व्हिसासाठी बेंगळुरूच्या वकिलातीकडं जायचं. कोल्हापूरचा माणूस मुंबईला जातो, आपण शंभरेक किलोमीटर अलीकडं राहून उलट्या दिशेला. जर्मनची परीक्षा मात्र पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते, ते जवळ पडतं. दुसरं म्हणजे कागद. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, मार्कशीट इंग्रजीत, आणि तिन्हींवर आईचं नाव तीन तऱ्हांनी. कुठं आडनाव पुढं, कुठं नुसतं आद्याक्षर. इथल्या कारकुनाला ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात, आणि त्याचं काही चुकतंय असं नाही. त्यामुळे जायचं ठरो वा न ठरो, आधी सगळे कागद एका सतरंजीवर मांडा आणि नावं जुळवून घ्या. दुरुस्तीला, प्रतिज्ञापत्राला महिने जातात.

एजंटाचंही सांगते. निपाणी, संकेश्वर, खानापूरकडची बरीच आयटीआय झालेली मुलं आखातात जातात, त्यांना हे जास्त लागू आहे. परदेशी मालकासाठी माणसं भरणारा एजंट सरकारकडं नोंदलेला असावा लागतो, ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दोन लाख, तीन लाख मागणाऱ्याला पावती मागा. पावती द्यायला तो का-कू करू लागला तर तिथनं उठून या. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट वेगळ्या वर्गात येतो आणि आखातातल्या देशांत कामाला जायला त्यांना सरकारची परवानगी लागते. टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊच नका.

आता पगार. वर्षाला ५०,००० युरो असतील आणि माणूस एकटा असेल तर कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा, सगळं कापून महिन्याला २,७०० च्या आसपास हातात येतात. त्यातलं एक हजार मी राहते त्या गावात घरभाड्यात जातं. घर घेताना तीन महिन्यांपर्यंतचं भाडं अनामत म्हणून मागतात. घरी पाठवायला उरतात, नाही असं नाही. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, घराचं छप्पर बदललं. हे बेळगावच्या पगारात मला इतक्या लवकर जमलं नसतं. पेन्शनला कापलेले पैसेही बुडत नाहीत, भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे. तेव्हा पैशाच्या बाजूनं माझं उत्तर 'या' असंच आहे.

पण येळ्ळूरला आमचं दीड एकर भाताचं शेत आहे. वडील अजून बांधावर जातात. भाऊ पुण्याला. गेल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली तेव्हा गल्लीतल्या पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेली, आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, "तू उगं काळजी करशील" म्हणून. फ्रांकफुर्टहून बेंगळुरू, तिथनं सांबरा, म्हणजे बेळगावचं विमानतळ. तिकीट लगेच मिळालं तरी दारातनं दारात एक पूर्ण दिवस जातो. पैसे मिनिटात पोचतात, माणूस पोचत नाही. याला उपाय नाही, हे आधी मान्य करूनच निघायला हवं.

आमच्याकडं हे बोलत नाहीत. पोराला परदेशात नोकरी लागली की पेढे वाटतात, आणि आई-वडिलांचं पुढं कोण बघणार हा विषय सगळे टाळतात. पोरगा म्हणतो दोन-तीन वर्षांत येतो, आई म्हणते जा बाबा, वडील गप्प. मला वाटतं जाण्याआधी एकदा सगळ्यांनी बसावं आणि उघड विचारावं. रात्री दोनला दवाखान्यात कोण नेईल? शेत कोण करेल, की फाळ्यानं द्यायचं? वटमुखत्यारपत्र कुणाच्या नावे? बहिणीला हे सगळं आपल्यावर पडणार हे माहीत आहे का, आणि तिची तयारी आहे का? बहुतेक घरांत ते तिच्यावरच पडतं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. हे मला फार लागतं.

जमिनीचा कायदाही ठाऊक असू दे. अनिवासी भारतीयाला वारशानं आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. म्हणजे तिकडं कमवून गावात चार एकर घेईन हे स्वप्न असेल तर ते इथल्या पत्त्यावर राहून पुरं होत नाही. जर्मन नागरिकत्व आता पाच वर्षांनी मागता येतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो आणि मतही जातं. मी अजून सोडलेला नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला मतदार यादीत नाव ठेवता येतं, फक्त मत द्यायला गावात हजर राहावं लागतं. सीमाभागातल्या माणसाला आपल्या मताची किंमत वेगळी सांगायला नको.

भाच्याला मी 'ये'ही म्हटलं नाही आणि 'येऊ नको'ही. ए-१ चा क्लास ऑनलाइन लावलाय, रात्रपाळी नसते त्या आठवड्यात नियमित बसतो. बी-१ होईपर्यंत ना नोकरी सोडायची, ना कुणाला एक रुपया द्यायचा, असं ठरलंय. त्याच्या आईशी, म्हणजे माझ्या बहिणीशी, मी वेगळं बोलणार आहे, तो समोर नसताना. आणि दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र मालकाकडनं लेटरहेडवर, कामाचं स्वरूप आणि तारखांसकट, आत्ताच घेऊन ठेव म्हटलंय, संबंध चांगले आहेत तोवर.