युगांडातल्या शाळेला दोन खोल्या: नागपुरातून देणगी जमवताना

धरमपेठेत असो की इतवारीत, आफ्रिकेतल्या शाळेसाठी देणगी मागितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मेळघाटात, गडचिरोलीत शाळा कमी आहेत का?" प्रश्न रास्त आहे, त्यावर वाद घालू नये. ज्यांना मेळघाटात द्यायचंय त्यांना तिथल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचं नाव द्यावं आणि ती देणगी तिकडेच जाऊ द्यावी. उरलेल्यांना मात्र नीट सांगावं की युगांडातच खोल्या का कमी पडतात. तिथे १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि वर्षभरात पटसंख्या सुमारे ३१ लाखांवरून ५३ लाखांवर गेली. त्या वेगाने वर्ग बांधणं कुठल्याच सरकारला जमलं नसतं. आजही देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या १८ वर्षांखालची आहे. खेड्यातल्या शाळेत पहिली-दुसरीच्या एकेका वर्गात शंभरावर मुलं असणं नवलाचं नाही.

आवाहनाचा मजकूर लिहिण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर लेखी हातात हवं: नव्या खोलीत शिकवणार कोण आणि त्याचा पगार कोण देणार? सरकारी अनुदानित शाळेत शिक्षक जिल्ह्याकडून मिळतो. त्यामुळे जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याचं पत्र मागावं आणि त्यात वाढीव शिक्षकाचा स्पष्ट उल्लेख असावा. 'सहकार्य करू' एवढ्या एका ओळीवर पैसे गोळा करायला निघू नये. खोल्या झाल्या की आजूबाजूच्या शाळांतली मुलं तिकडे वळतात, पट वाढतो, शिक्षक तेवढेच राहतात आणि वर्षभरात गर्दी पुन्हा पहिल्यासारखी होते. गावकऱ्यांनी चालवलेली शाळा असेल तर पगार फीमधून निघतो, आणि पीक बुडालं की फी थांबते. तिथे खोल्यांच्या आधी पगाराचा बंदोबस्त पाहावा.

दुसरा कागद जमिनीचा. युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेत जमीनधारणेचे चार प्रकार आहेत: परंपरागत (कुळाच्या रिवाजाने चालणारी), फ्रीहोल्ड (कायमची मालकी), मायलो (मध्य युगांडातली वसाहतकाळापासूनची मालकी) आणि लीज (भाडेपट्टा). बऱ्याच जुन्या शाळा चर्चने काढलेल्या आहेत आणि जमीन अजून चर्चच्या नावावर आहे. त्यात गैर काही नाही, पण चर्चची लेखी संमती हवी. परंपरागत जमिनीवर खरा धोका वेगळाच असतो. आजोबांनी तोंडी दिलेली जागा पक्की इमारत उभी राहताच नातू परत मागायला येतो. म्हणून कुळातल्या वडीलधाऱ्यांच्या सह्या, हद्दीच्या खुणा आणि साधा मोजणी नकाशा या तीन गोष्टींशिवाय पाया खोदू नये.

आता काय बांधायचं ते. देणगीदारांना ग्रंथालय आणि संगणक कक्ष आवडतात, कारण पाटीवर नाव शोभून दिसतं. गरज मात्र बहुतेक वेळा पहिली-दुसरीच्या वर्गांची असते, कारण गर्दी तिथे असते आणि गळतीही तिथूनच सुरू होते. तिथल्या जिल्ह्यांच्या बांधकामात रुळलेला संच असा: दोन खोल्या, ३६ बाकं, पाच शौचकूपांचं शौचालय आणि १०,००० लिटरची टाकी. एका बाकावर तीन मुलं, म्हणजे खोलीत ५४. तिथला शौचालयाचा निकष ४० मुलांमागे एक कूप असा आहे, म्हणजे पाच कूप २०० मुलांना पुरतात. मुलींचं शौचालय वेगळं आणि त्यातली एक खोली पाण्याची, कपडे बदलता येतील अशी असावी. पैसे अपुरे पडले की सगळ्यात आधी कात्री लागते ती याच खोलीला. तिचा खर्च पहिल्या हप्त्यातच धरावा. खड्डा विटांनी बांधून घ्यावा आणि मैला उपसता येईल असं तोंड ठेवावं, नाहीतर काही वर्षांत खड्डा भरतो आणि शौचालयाला कुलूप लागतं.

भिंतींसाठी भाजलेल्या विटा स्वस्त वाटतात, पण त्या भट्टीला लाकूड फार लागतं आणि ते आसपासच्या झाडांतूनच येतं. सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेले, एकमेकांत बसणारे मातीचे इंटरलॉकिंग ब्लॉक हा तिथे चांगला रुजलेला पर्याय आहे. ८ मीटर बाय ७ मीटरच्या दोन खोल्यांचा हिशेब करू. बाहेरच्या भिंती आणि मधली आडवी भिंत मिळून ५३ मीटर लांबी, उंची ३ मीटर. दारं-खिडक्या वजा करून आणि छताखालच्या त्रिकोणी भिंती धरून साधारण १४५ चौरस मीटर. २६.५ बाय १० सेंटिमीटर दर्शनी भागाचे ब्लॉक चौरस मीटरला ३८ लागतात, म्हणजे सुमारे ५,५००. फूटतूट धरून ६,००० करावेत. ५० किलोच्या एका सिमेंटच्या पोत्यात शंभराच्या आसपास ब्लॉक निघतात, म्हणजे फक्त ब्लॉकलाच ६० पोती. हाताने चालवायच्या यंत्रावर दिवसाला ३०० ते ४०० ब्लॉक होतात, तेव्हा हे काम १५ ते २० दिवसांचं.

सगळं बिघडतं ते मातीत. तांबडा मुरूम उत्तम. काळी माती मात्र पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. ईशान्य युगांडात करामोजाकडे अशी माती आहे. तिथे त्याच मातीचे ब्लॉक करू नयेत आणि पायाचा आराखडाही अभियंत्याकडून वेगळा घ्यावा. चाचणी सोपी आहे: ६० सेंटिमीटर लांबीच्या लाकडी साच्यात ओली माती भरून वाळवायची आणि किती आकसली ते मोजायचं. जितकी जास्त आकसेल तितकं सिमेंट जास्त. दुसरी चूक पाणी मारण्याची. ब्लॉक सावलीत झाकून पहिला आठवडा ओले ठेवावे लागतात आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस जातात. घाईने दहाव्या दिवशी रचलेली भिंत पावसाळ्यात कोपऱ्यांवर झडू लागते.

छताला २८ गेजचे टिन घ्यावेत. ३० गेजचे पातळ असतात, गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. किमतीतला फरक पाहून कंत्राटदार हमखास ३० गेजकडे वळतो, म्हणून गेज करारात लिहावा आणि टिनावरच्या छापाचा फोटो मागवावा. वादळात छत उडतं ते बहुधा टिन कमजोर म्हणून नव्हे, छत पेलणाऱ्या लाकडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) भिंतीवर नुसत्या ठेवलेल्या असतात म्हणून. भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा बीम हवा आणि त्यात आधीच गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी कैच्या बांधलेल्या हव्यात. लाकडाला वाळवीचं औषध लावलेलं असावं.

आणि वीज. जून २०११ मध्ये युगांडाच्या किर्यानडोंगो भागातल्या रुन्यान्या प्राथमिक शाळेवर वीज पडून १८ मुलं आणि एक शिक्षक गेले. मुलं वर्गात होती. टिनाचं छत जमिनीशी जोडलेलं नसलं की विजेला वाट मिळत नाही आणि ती भिंतीतून, जमिनीतून, माणसांतून जाते. दर पावसाळ्यात शेतात वीज पडून माणसं गेल्याच्या बातम्या वाचणाऱ्या विदर्भाला हा खर्च समजावून सांगावा लागत नाही, फक्त तो अंदाजपत्रकात आहे का हे पाहावं लागतं. बहुतेकदा नसतो. छतावर वीजवाहक, इमारतीच्या चारही कोपऱ्यांतून खाली उतरणाऱ्या पट्ट्या आणि इमारतीभोवती जमिनीत पुरलेलं सलग कडं, एवढं किमान हवं. एक सळई ठोकून भागत नाही, कारण मुरमाड जमीन वीज सहज वाहू देत नाही. तांब्याची पट्टी चोरीला जाते, तिथे जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद वापरावं. कंपालातली 'अक्लेनेट' ही संस्था शाळांना अशी यंत्रणा बसवून देते.

टाकीबद्दल देणगीदारांना भलत्या अपेक्षा देऊ नयेत. या छताचं क्षेत्र वळचणीसह १४० चौरस मीटर धरलं तर १०० मिलिमीटर पावसात, गळती वजा जाता, ११,००० लिटर पाणी मिळतं. पन्हाळ दोन्ही बाजूंना असेल तरच. एकाच बाजूला लावली, आणि पैसे वाचवायला तसंच करतात, की निम्मं पाणी जमिनीवर. ५०० मुलांच्या शाळेत प्रत्येकी २ लिटर हात धुवायला दिले तर भरलेली टाकी १० दिवस टिकते. म्हणजे टाकी पावसाळ्यातल्या कोरड्या आठवड्यांचा आधार आहे, लांब कोरड्या हंगामासाठी बोअरवेलच लागते.

वेळापत्रक पावसावर बांधलेलं आहे. दक्षिण युगांडात पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. उत्तरेत एकच लांब पावसाळा. डिसेंबर-जानेवारी दोन्हीकडे कोरडे आणि शाळेलाही सुटी, नवं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. ब्लॉक वाळायचे दिवस धरले तर पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये नागपुरातून निघायला हवा. आपल्याकडे देणगीचे हात दिवाळीला सैल होतात, पण तोवर उशीर होतो. आवाहन जूनमध्ये, शाळा उघडताना करावं आणि गणपतीपर्यंत मोठे आकडे पक्के करावेत. दिवाळीचे पैसे बाकं आणि दारांसाठी ठेवावेत.

पैसे पाठवण्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एफसीआरए हा परदेशातून भारतात येणाऱ्या पैशाचा कायदा आहे, इथे त्याचा संबंध नाही. आपल्या नोंदणीकृत ट्रस्टमधून परस्पर पैसे पाठवू नयेत. भारताबाहेरचा खर्च धर्मादाय म्हणून धरला जायला प्राप्तिकर मंडळाची खास मंजुरी लागते, ती नसेल तर ट्रस्टची करसवलतच अडचणीत येते. व्यक्तीने पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँकेत पॅन आणि ए२ फॉर्म लागतो, परदेशी धर्मादाय संस्थेला देणगीचा उद्देश संकेत एस१३०३. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पाठवतानाच गोळा होणारा आगाऊ प्राप्तिकर) कापते. ती रक्कम विवरणपत्रात वळती होते, पण तोवर अडकते. या देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही, हे मागतानाच सांगावं.

एकाच्या खात्यात सगळ्यांची वर्गणी जमा करून पाठवणं सोयीचं वाटतं, पण तसं करू नये. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांवर मिळालेली रक्कम खातेदाराचं उत्पन्न ठरू शकते. घरातल्या घरात जमवायला हरकत नाही: आईवडील, सख्खी भावंडं, काका-मामा चालतात, चुलत-मावस भावंडं कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. दुसरीकडे दोन-दोन हजारांची देणगी प्रत्येकाने स्वतंत्र पाठवली तर मधल्या बँकाच त्यातला मोठा भाग खातात. म्हणून मोठी रक्कम देणारी दहा-पंधरा घरं शोधणं आणि प्रत्येकाने थेट पाठवणं हेच शहाणपणाचं. पाठवताना शुल्काचा 'ओयूआर' पर्याय निवडावा, म्हणजे मधली कपात आपल्याकडून जाते आणि तिकडे शक्यतो पूर्ण रक्कम पोचते. अंदाजपत्रक युगांडाच्या शिलिंगमध्ये ठेवावं आणि विनिमय दरासाठी १० टक्के जास्तीचे जमवावेत. घेणाऱ्या संस्थेकडे २०१६ च्या एनजीओ कायद्याखालचा चालू परवाना आहे का ते तपासावं. मुख्याध्यापकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा मोबाइल मनीवर एक रुपयाही पाठवू नये, माणूस कितीही भला असला तरी. त्यात त्याचाही बचाव आहे.

वस्तू पाठवायचा मोह टाळावा. जुने कपडे आणि पुस्तकं यांचं जहाजभाडं त्यांच्या किमतीहून जास्त होतं. युगांडात पहिली ते तिसरी स्थानिक भाषेत शिकवतात, आपली इंग्रजी गोष्टींची पुस्तकं त्या वर्गांच्या फारशी कामी येत नाहीत. बाकं गावातल्या सुताराकडून घ्यावीत, मोडली तर दुरुस्त करणारा जवळ असतो. आवाहनात रडवेल्या मुलाचा फोटो लावू नये. आईवडिलांची संमती घ्यावी, मुलाचं नाव आणि गाव एकत्र छापू नये. खरं तर गजबजलेल्या वर्गाचा मागून घेतलेला फोटो आणि शेजारी अंदाजपत्रक, एवढ्यावर नागपूरकर देतात.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत: जोत्यापर्यंत ३० टक्के, माथ्याच्या बीमपर्यंत ३०, छत आणि गिलाव्याला ३०. काँक्रीट पडल्यावरचा फोटो निरुपयोगी, आतली सळई दिसत नाही. पायाच्या चरात टेप धरलेला, बीममध्ये सळई बांधलेली पण काँक्रीट न पडलेलं, कैचीला पट्टी गुंडाळलेली, असे फोटो करारातच मागावेत. जिल्हा अभियंत्याने प्रत्येक टप्प्यावर सही केल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये. शेवटचे १० टक्के सहा महिने रोखून धरावेत, म्हणजे एक पावसाळा इमारतीवरून जातो. मग अभियंत्याकडून तपासून घ्यावं: छत गळतं का, भिंतीच्या कोपऱ्यांत भेगा आहेत का, पन्हाळीचे जोड सुटलेत का, विजेच्या पट्ट्या जागेवर आहेत का, मुलींच्या शौचालयाची कडी आतून लागते का आणि कबूल केलेला शिक्षक वर्गात आहे का. या यादीची प्रत प्रत्येक देणगीदाराला जावी, त्रुटींसकट.